कांबेरचं गाणं, एल्वानचं नाव

कांबेर उस्ताद गेला तेव्हा आमच्या सिवास शहराच्या वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या. लग्नसमारंभांत साझ वाजवणारे जुने कलावंत, एवढंच. खोटं नाही ते. माझ्या तिन्ही लग्नांत साझ त्याचाच होता आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तारा जुळवता जुळवता तो माझ्या कानात म्हणाला होता, ‘‘या खेपेला तरी सांभाळ रे बाबा.’’ पण ज्या एका गाण्यानं त्याचं नाव व्हायचं, ते दुसऱ्याच्या नावावर आहे. कसं, ते त्याची मुलगी झोहरे आणि मी, आम्हा दोघांनाच ठाऊक. तिला कुणी विचारत नाही आणि माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

एल्वान आमचा दोस्त. विसाव्या वर्षी विहीर खणताना वरची माती कोसळली आणि तो आत राहिला. कांबेरनं आणि मी त्याला वर काढला तेव्हा जीव उरला नव्हता. एमिश मावशीचा तो एकुलता एक. मागे ना बायको, ना मूल.

माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी आमच्याकडे हलवा वाटतात; एल्वानच्या चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी मावशी चुलीपाशी बसून हलव्याचं पीठ लोण्यात भाजत होती. मी वासानं आलो होतो, लपवत नाही. कांबेर साझ घेऊन आला आणि त्यानं रचलेलं गाणं तिला ऐकवलं. गाण्यात विहीर खणणाराच बोलतो. खालून आभाळ थाळीएवढं दिसतं म्हणतो, आईला पाणी आणतो म्हणतो. आमच्याकडे शेवटच्या कडव्यात रचणारा आपलं नाव गुंफतो, त्यावरूनच गाणं कुणाचं ते ठरतं. कांबेरनं आपलं नाव घेतलं आणि मावशीनं पिठाच्या हातानं त्याचं मनगट धरलं.

‘‘तुझं नाव तुझी पोरं घेतील, बाळा. माझ्या पोराचं कोण घेणार? त्याचं घाल.’’

कांबेरनं साझच्या तारा पुन्हा जुळवल्या. मग त्यानं कडवं पुन्हा म्हटलं, एल्वानच्या नावानं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावापुढे ते गायलं गेलं आणि गावानं आपलं आपणच ठरवून टाकलं. शेवटी नाव एल्वानचं, म्हणजे गाणं एल्वानचं. पोराला मरण आधीच दिसलं होतं! बायका ऊर बडवून रडल्या. कांबेर गप्प राहिला. मावशीही गप्प राहिली, आणि चार-पाच वर्षांत तीसुद्धा सांगू लागली, ‘‘माझ्या एल्वाननं रचलंय हो.’’ खोटं बोलत नव्हती ती. तिला तसंच आठवायला लागलं होतं.

गाणं रेडिओवर गेलं, पलटणीत गेलं, खटारा बसमधून इस्तंबूलपर्यंत गेलं. जिथं तिथं कांबेरला फर्माईश, ‘‘उस्ताद, एल्वानचं होऊन जाऊ द्या!’’ तो वाजवायचा. मावशी असेतो तोंड उघडायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. आणि मावशी काही जाईना! नव्वदी ओलांडली, मोतीबिंदू काढून घेतला, नवे दात बसवून घेतले.

‘‘उस्ताद, म्हातारी तुला पोचवूनच जाणार बघ,’’ मी चिडवायचो.

‘‘जगू दे की. तुझं काय खातेय?’’

पण घाई त्यालाही होती. त्याचे हात कापायला लागले होते.

एक्केचाळीस वर्षांनी, पानगळीत, मावशी गेली. कांबेरनं खांदा दिला. त्याच हिवाळ्यात विद्यापीठातल्या एक बाई ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन जुनी गाणी उतरवून घ्यायला आल्या. हिदिरच्या चहाखान्यात भर दुपारी सगळे जमले. झोहरे साझ घेऊन बसली, बाप नुसता गाणार होता. शेवटचं कडवं आलं आणि त्यानं स्वच्छ स्वरात नाव घेतलं, कांबेर.

पेले खाली ठेवल्याचे आवाज आले.

‘‘उस्ताद, जीभ घसरली का तुमची?’’ हिदिर म्हणाला.

‘‘नाही. गाणं माझं आहे.’’

मग जो गलका उठला! ‘‘मेलेल्याचं गाणं चोरतोस?’’ ‘‘म्हातारीच्या कबरीची माती तरी बसू द्यायची होतीस!’’ आतापर्यंत त्याला अहो-जाहो करणारी पोरं अरे-तुरेवर आली.

मी उठलो. ‘‘खरं बोलतोय तो. मावशीच्या चुलीपाशी मी होतो.’’

‘‘तू खाली बस!’’ हिदिर ओरडला. ‘‘माझी बायको गाढववाल्याबरोबर पळाली म्हणून गावभर तूच सांगितलंस ना? आत भांडी घासत होती ती!’’

सगळे हसले. मी खाली बसलो. एवढी वर्षं जीभ सैल सोडली होती, त्याची किंमत त्या दिवशी कांबेरनं भरली.

झोहरेनं साझ खाली ठेवला. ‘‘बाबा, शपथ घ्या! कुराणावर हात ठेवा, मानतील सगळे.’’

मानलं असतं. पण कांबेर तिच्याकडे बघतच नव्हता. उभ्या राहिलेल्या एकेका तोंडाकडे बघत होता.

‘‘झोहरे, मोज जरा,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘एल्वानसाठी किती जण उभे राहिलेत. यातल्या निम्म्यांनी त्याला पाहिलंसुद्धा नाही.’’

‘‘आणि तुमच्यासाठी?’’

तो बाईंकडे वळला. ‘‘यंत्र पुन्हा लाव, पोरी. म्हातारा आहे, चुकलो.’’

झोहरे वाजवेना. साझ त्यानंच घेतला आणि कापऱ्या बोटांनी, सूर चुकवत, शेवटचं कडवं एल्वानच्या नावानं पुरं केलं. बाईंनी वहीत लिहिलं, रचना एल्वान, गायक कांबेर. त्यानं चष्मा लावून ते वाचलं आणि ‘‘बरोबर आहे’’ म्हणाला.

वसंतात तो गेला. त्याच्या चाळिसाव्याला सारा गाव आला, हिदिरही आला. झोहरेनं सगळ्यांना हलवा वाढला, बोलली कुणाशीच नाही. ते गाणं कुणी म्हणा म्हटलं नाही, आणि तीही म्हणाली नाही.