लाल पट्ट्याचा ग्लास

पंचशीलाबाई मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. नांदेडहून लातूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गोदातीर विद्यापीठ आहे. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या रेक्टर आणि मी, उज्वला, त्यांची सहायक. ती खुर्ची मला मिळायला हवी होती. मिळाली नाही, आणि जिला मिळाली तिच्या तोंडाला लगाम नाही.

बाई उमरीकडच्या. आईबरोबर दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जात जात शिकल्या, पुढं वनस्पतिशास्त्रात पीएचडी झाल्या. कुणी त्याचं कौतुक करायला गेलं तर "मग काय आरती ओवाळता का?" असं विचारतात. मुली त्यांना पाठीमागं फौजदारीण म्हणतात. मीही म्हणते.

यंदाच्या थंडीत एक मुलगी लग्नाहून ताप घेऊन आली. आमच्याकडं मुलींना घरून डबा येतो, एसटीच्या कंडक्टरच्या हाती. एकीचा डबा आला की सगळ्या मजल्यावरच्या मुली एकाच ताटावर बसतात आणि धपाट्यांचा फडशा पडतो. पाण्याच्या टाकीवर पालथा घातलेला एकच ग्लास, तो सगळ्यांच्या तोंडाला. बघता बघता अर्धं वसतिगृह खोकू लागलं. डॉक्टर म्हणाले, फ्लू आहे.

बाईंना तेवढंच हवं होतं. फर्मानं सुटली. एका ताटात जेवायचं नाही. हात साबणानं धुतल्याशिवाय मेसमध्ये पाय ठेवायचा नाही. खिडक्या उघड्या, थंडी वाजली तर दोन स्वेटर घाला. घरच्यांनी भेटायला यायचं नाही. मैत्रिणीला घास भरवताना एक मुलगी सापडली, तर सगळ्यांदेखत तिला म्हणाल्या, "तुझं प्रेम साथ जाईस्तोवर पेटीत ठेव." ती पोरगी रडली. बाई पुढच्या टेबलाकडं वळल्या.

आजारी मुलींना त्यांनी तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं. त्यांची भांडी इतरांच्यात मिसळू नयेत म्हणून ताटांवर आणि ग्लासांवर लाल ऑइलपेंटचे पट्टे ओढले. ही भांडी मेसमध्ये न्यायची नाहीत, धुऊन खिडकीत बाहेरच्या अंगाला उन्हात पालथी घालायची, आणि वाढणारीनं न शिवता वरून वाढायचं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझी भाची तनुजाही त्याच खोलीत होती. माझी बहीण फाटकातूनच ती खिडकी बघून गेली. तिला पट्टे दिसले, आणि ती म्हणाली, "बरंय बाई, टापटीप ठेवतात."

त्याच खोलीत दिपाली होती. इस्लापूरची, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, आणि परीक्षा तोंडावर आलेली. तिचे वडील धम्मानंद झेडपीच्या शाळेत मास्तर. पोरीला ताप म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. वॉचमनला न जुमानता ते थेट त्या खिडकीशी गेले आणि तिथंच थबकले. वाढणारी बाई बाहेरून दिपालीच्या ग्लासात वरून पाणी ओतत होती.

मी धावले. माझ्या पाठोपाठ पंचशीलाबाई आल्या.

"हा गिलास भाईर का हाय?" धम्मानंदांनी विचारलं.

"साथ हाय. आजारी पोरींचा वेगळा ठेवलाय. सगळ्यांचाच हाय, तुमच्या पोरीच्या एकटीचा न्हाई. आधी मास्क लावा."

"माझी आई पाटलाच्या घरी कामाला जायची. तिचा गिलास बी असाच भाईर, कोनाड्यात असायचा. पाणी असंच वरून. पोरगी शिकायला धाडली ती हे बघायला?"

"मला नका सांगू," बाई कडाडल्या. "माझ्या आईनं बी तसंच पिलंय. वेगळा गिलास काय असतो ते मला कळतंय. पण ह्याला कारण हाय."

"कारण त्यांच्याजवळ बी व्हतं, बाई," धम्मानंद म्हणाले. "कारण कायम असतंय."

इतक्या वर्षांत बाईंना कुणी असं ऐकवलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

"दिपाली, सामान भर," धम्मानंद म्हणाले. "आपल्याला न्हाई शिकायचं हितं." दिपाली आता गेली तर परीक्षा बुडणार, आणि एकदा गेली की परत येणार नाही, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

मग बाई जे बोलल्या, ते बोलल्या नसत्या तर बरं. "न्या. पण तुमची तीच आई घरात हाय ना? दिपाली सांगत व्हती, दमा हाय म्हणून. पोरीचा ताप म्हातारीला लागला, तर तिला कोनाडा आठवायला बी सवड मिळायची न्हाई."

धम्मानंद असे पुढं आले की मला मध्ये उभं राहावं लागलं. तेवढ्यात आतून दिपाली खोकत खोकत बोलली.

"बाबा, मी परीक्षा देणार हाय. मॅडम, माझं वेगळं ठेवा, मी धुते. पण गिलास आत घ्या. आन् पट्टा काढा."

बाईंनी खिडकीतले सगळे ग्लास उचलले आणि आत नेऊन ठेवले. माफी मागितली नाही. धम्मानंदांना पाणी विचारलं, तर ते म्हणाले, "माझी बाटली हाय." पोरीकडं एकदा बघून ते एकटेच स्टँडकडं गेले.

त्या दुपारी बाई व्हरांड्यात थिनर घेऊन पट्टे खरवडत बसल्या. संध्याकाळी नवं फर्मान निघालं: आजारी असो नसो, प्रत्येकीनं आपलं ताट-ग्लास खोलीत आपल्याजवळ ठेवायचं आणि आपणच धुवायचं, रेक्टर आणि सहायकसुद्धा. मुलींनी बोटं मोडली. मीही मोडली.

साथ ओसरली. दिपालीनं परीक्षा दिली. तिचा तो ग्लास मात्र बाईंनी मेसमध्ये परत जाऊ दिला नाही. काठाखालच्या खाचेत थोडा लाल रंग राहिलाय, तो निघत नाही. ग्लास बाईंच्या टेबलावर असतो, आणि कुणी मोठा माणूस आला की त्यातूनच पाणी देतात. परवा कुलसचिव आले, घटाघटा पाणी प्यायले, फ्लूच्या बंदोबस्ताचं कौतुक करून गेले.

"हे काय चाललंय तुमचं?" मी विचारलं.

"हा लाल रंग कुणाला दिसतोय ते बघतेय," बाई म्हणाल्या. "अजून कुणालाच दिसला न्हाई." आणि तोच ग्लास घासून, भरून माझ्यापुढं सरकवला.

मला दिसतो. खिडकीबाहेर होता तेव्हा दिसला नव्हता. आता तो ग्लास हातात घेतला की न पिताच खाली ठेवते, आणि त्याचाही राग मी बाईंवरच काढते.