सोनेरी चौकटीतलं कोपर

कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की पहिलं दुकान शिंप्याचं आणि दुसरं फ्रेमवाल्यांचं. माणसांना काचेआड बसवण्यात फ्रेमवाल्यांचा जन्म गेला होता. नुकतं जन्मलेलं बाळ, नवं जोडपं, पदवीची टोपी घातलेली पोरं आणि सगळं आटोपून गेलेला म्हातारा, सगळे त्यांच्याच हातून चौकटीत जात. दुकानात मोठमोठ्या काचा भिंतीला टेकून उभ्या असत. दुपारचं ऊन आत आलं की त्या काचांमधून हिरवट पाणी वाहतंय असं वाटे. वर छताला लाकडी पट्ट्या टांगलेल्या. काळ्या, तपकिरी, चंदेरी आणि अगदी मागे, धूळ बसू नये म्हणून कापडात गुंडाळलेली, हातभर रुंद सोनेरी.

फ्रेमवाल्यांना एक खोड होती. कोणाच्याही घरी गेले की ख्यालीखुशाली विचारायच्या आधी त्यांची नजर भिंतीवर जाई. एखादी तसबीर केसभर जरी कलली असली तरी त्यांचे हात शिवशिवू लागत. मग एक हात खालून लावायचा, दुसऱ्या हाताचं कोपर खांद्याच्याही वर न्यायचं, एक डोळा मिटायचा आणि श्वास रोखून ती सरळ करायची. सासुरवाडीला पहिल्यांदा गेले तेव्हा सगळे चहाचे कप हातात धरून वाट बघत होते आणि हे खुर्चीवर चढून आजेसासऱ्यांना सरळ करत होते. "मला यांचं तोंड नंतर दिसलं, आधी कोपर दिसलं," असं त्यांची बायको अजूनही सांगते.

समोरच्या कॉलेजचं सगळं काम फ्रेमवाल्यांकडेच. पूर्वी तिथून संस्थापकांचे, प्राचार्यांचे, विद्यापीठात पहिल्या आलेल्यांचे फोटो येत. मग कधीतरी भूगोल घेऊन पास झालेली एक मुलगी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत गेली. चार आठवडे टिकली. कॉलेजला असा काही चेव आला की दर्शनी भिंतीवरचे दोन शास्त्रज्ञ उतरवून जिन्याखाली पाण्याच्या यंत्राशेजारी लावले आणि तिला मधोमध टांगलं. त्यानंतर वाणिज्य शाखेचा एकजण स्वयंपाकाच्या स्पर्धेत रडला, इतिहासाची एकजण नाचताना पाय मुरगळून घरी आली, एकानं जंगलात जाऊन जिवंत अळ्या खाल्ल्या. सगळे भिंतीवर चढले. नव्या पोरांना प्रवेश घ्यायला आणलेले आईबाप त्या भिंतीसमोर उभे राहून डोळे विस्फारत, आणि प्राचार्य मागे हात बांधून कुठल्या शाखेनं कोणत्या कार्यक्रमाला कोण दिलं ते समजावून सांगत.

या भिंतीचे दोन नियम होते. पहिला प्राचार्यांचा. फोटो टीव्हीच्या पडद्यावरचाच हवा, स्टुडिओत काढलेला चालणार नाही. कारण एकदा एका पठ्ठ्यानं पुठ्ठ्याच्या नटाशेजारी उभं राहून काढलेला फोटो आणून दिला होता.

दुसरा नियम मात्र फ्रेमवाल्यांचा, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. "साहेब," ते एकदा प्राचार्यांना म्हणाले होते, "जो पहिल्याच आठवड्यात घरी आला आणि जो शेवटपर्यंत टिकला, दोघांना एकच पट्टी? हा कुठला न्याय?" तेव्हापासून जितके आठवडे टिकला तितकी पट्टी रुंद. अळ्या खाणाऱ्याला बोटभर चंदेरी मिळाली. कापडातली हातभर सोनेरी पट्टी कोणाच्याच नशिबात आली नव्हती.

फ्रेमवाल्यांचा एकुलता एक मुलगाही याच कॉलेजचा. रसायनशास्त्रात पहिला वर्ग. म्हणजे त्याचा फोटो भिंतीवर लागायचं काही कारणच नव्हतं. अबोल पोरगा. लहानपणापासून बापाच्या हाताखाली काम शिकलेला, डावखुरा. सात-आठ वर्षांचा असताना काचेच्या कडेला लागून डाव्या कोपरावर तिरपी खूण राहिली होती, अर्धवट मिटलेल्या डोळ्यासारखी. एके दिवशी काच पुसता पुसता तो म्हणाला, "बाबा, मला टीव्हीवर घेतलंय."

"तुला?" फ्रेमवाल्यांच्या हातातला काटकोन तपासायचा गुण्या खाली पडला. "गाता येतं का तुला?"

"नाही."

"नाचता?"

"नाही हो बाबा."

"मग तिथे करणार काय?"

"राहणार. एका घरात सगळ्यांना कोंडतात आणि नुसतं राहायचं असतं. बघणारे बघतात."

"घरात राहायला एवढ्या लांब कशाला जायचं? हे काय, इथे आहे की घर," असं ते म्हणाले खरे, पण बोलता बोलताच त्यांनी वर बघून कापडातली पट्टी नजरेनं चाचपली.

मुलगा गेला. फ्रेमवाल्यांनी मागच्या घरातला टीव्ही दुकानात आणून उंचावर बसवला आणि त्याला चारी बाजूंनी तपकिरी पट्टी ठोकली. शेजारीपाजारी बोलावले, बाकडी मांडली. कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्याच भागात दोन बायकांचं खिडकीजवळच्या पलंगावरून असं काही जुंपलं की बाकीच्यांची ओळख करून द्यायची राहूनच गेली. त्यात मुलगा आत गेला होता तो राखीव म्हणून. ऐन वेळी कोणीतरी आजारी पडला म्हणून याला घेतलं, पण जाहिरातीत चेहरा त्या आजारी माणसाचाच राहिला.

दुसऱ्या भागात दिसेल म्हणाले. नाही दिसला. तिसऱ्यात मात्र फ्रेमवाल्यांची बायको एकदम ओरडली, "अहो, तो बघा! तो काय!"

"कुठे?"

"गेलं. कोपर होतं. आपल्या पोराचं."

सगळे हसले. पुढे हे रोजचंच झालं. पडद्यावर कोणीतरी रडे, कोणीतरी ताट भिरकावी, आणि त्या गोंधळाच्या कडेला क्षणभर एक कोपर वर जाई आणि नाहीसं होई. मुलाला बाहेर काढायला कोणी मतच देत नव्हतं, कारण तो आत आहे हे कोणाच्या लक्षातच नव्हतं. असा तो आठवड्यामागून आठवडे टिकत गेला.

बाकड्यांवरची माणसं मात्र टिकली नाहीत. शिंपी तेवढा यायचा, आणि तो यायचा ते जीभ चालवायला. "काय हो फ्रेमवाले, काल कान दिसला म्हणे?"

"कान नाही, कोपर."

"असं होय! म्हणजे गुडघ्यापर्यंत यायला वेळ आहे अजून." मग आवाज खाली आणून म्हणायचा, "रागावू नका, पण पोरगं दुसरीकडेच कुठे नाही ना? हल्लीची पोरं घरी काय सांगतील नेम नाही. कुठे लग्नबिग्न करून बसला असेल. किंवा आणखी कुठे. तिथेही कोंडूनच ठेवतात म्हणा."

फ्रेमवाल्यांच्या मनात तो काटा रुतला तो रुतलाच. बायकोनं कितीही सांगितलं तरी त्यांना पटेना. "आईला काय, ढगातसुद्धा पोरगा दिसतो," असं म्हणत त्यांनी एक दिवस टीव्हीची पट्टी उपटली आणि टीव्ही घरी नेऊन टाकला. शेवटचा भाग त्यांनी चोरून, दाराआडून पाहिला. मंचावर धूर सोडला होता, वरून चमचमते कागद पडत होते, आणि मुलगा काही दिसला नाही.

तो आला तो वाळून काडी झालेला. पिशवी खाली ठेवून म्हणाला, "चौथा आलो, बाबा."

"कशात?"

"त्या कार्यक्रमात."

"मला तर नुसता धूर दिसला."

"धुराच्या मागे मीच होतो."

"एवढी माणसं आणून बसवली मी दुकानात," फ्रेमवाले म्हणाले. त्यांचा आवाज चिरलेल्या काचेसारखा निघाला. "निदान मला तरी खरं सांगून जायचं होतंस."

मुलानं पिशवी पुन्हा उचलली. "खरं सांगूनच गेलो होतो," एवढंच तो म्हणाला.

त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं तुटलं. दोघं एकाच टेबलाशी उभे राहून काम करत आणि निरोप मात्र घरातून फिरून येत. "अगं, त्याला सांग डिंक संपलाय." "आई, त्यांना सांग, आणलाय." ती बिचारी डोक्याला हात लावून म्हणे, "मी माणूस आहे की टेलिफोन?" पण एका सकाळी निरोप ती स्वतःच घेऊन आली. "त्याला लांबच्या गावी काचेच्या कारखान्यात नोकरी लागलीय. सोमवारी निघतोय. तोपर्यंत तुम्ही त्याच्याशी नाही बोललात, तर तो परत यायचा नाही. पोरगा तुमचाच आहे, तुमच्यासारखाच अडेल."  त्या दिवशी फ्रेमवाल्यांनी कापलेल्या दोन काचा आखूड पडल्या.

आणि मग कॉलेजचा हेडक्लार्क रस्ता ओलांडून आला. रविवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. "अभिनंदन, अभिनंदन!" म्हणत त्यानं एक मोठा फोटो टेबलावर ठेवला. "चॅनेलकडे तीनदा मागणी केली तेव्हा मिळाला. त्यातल्या त्यात हाच स्पष्ट आहे म्हणतात."

फोटोत एक कोपर होतं. शेजारी कोणाची तरी उडालेली वेणी, मागे निळी भिंत. बाकी काही नाही.

"तोंड कुठे आहे?" फ्रेमवाल्यांनी विचारलं.

"तोंड नाही. पण नियमात तोंड असं कुठे म्हटलंय? पडद्यावरचा हवा, तर हा पडद्यावरचाच आहे. आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत टिकला, म्हणजे तुमच्याच नियमाप्रमाणे," क्लार्कनं छताकडे बोट दाखवलं, "ती मागची हातभर सोनेरी. प्राचार्य म्हणाले, नियम म्हणजे नियम."

क्लार्क गेल्यावर फ्रेमवाल्यांनी चष्मा पुसला. कोणाचंही कोपर असू शकतं, असं ते स्वतःशी म्हणाले आणि फोटो उजेडात धरला. कोपरावर तिरपी खूण होती, अर्धवट मिटलेल्या डोळ्यासारखी. पण त्यांना धरून ठेवलं ते खुणेनं नाही. कोपर खांद्याच्याही वर गेलेलं होतं. आणि वरच्या कडेला, जिथे फोटो कापला होता, तिथे एका तसबिरीची खालची पट्टी दिसत होती. चांगली दोन बोटं कललेली.

मुलगा पाठमोरा उभा राहून पुठ्ठा कापत होता. फ्रेमवाल्यांनी फोटो त्याच्या पुठ्ठ्याशेजारी नेऊन ठेवला. मग त्यांनी घसा खाकरला.

"खिळे किती होते?"

मुलाचा हात थांबला. "एकच," तो वळून न बघता म्हणाला. "आणि तोही मधोमध नव्हता."

"अरेरे!" फ्रेमवाले कळवळले. मुलगा वाळून आला तेव्हासुद्धा ते इतके कळवळले नव्हते.

"बोटीचं चित्र होतं," मुलगा सांगू लागला. "तिथे सगळे कॅमेऱ्याशी बोलायचे, एकमेकांशी कोणी नाही. रोज कोणीतरी भांडायचं, दार आपटायचं, आणि बोट कलायची. बाकीच्यांना बरोबर कळायचं की भांडणाच्या वेळी कॅमेऱ्यासमोर यायचं असतं. मला बोटच दिसायची. मी आपला तिकडे जायचो."

"शेवटपर्यंत?"

"शेवटच्या दिवशीसुद्धा. मंचावर मागे त्यांनी तीच लावली होती. वाकडी."

"अरे, मग मला का नाही सांगितलंस हे?"

"काय सांगू? सगळ्या जगासमोर कोंडून घेतलं आणि एक चित्र सरळ करून आलो?"

"तेच सांगायचं गाढवा!" फ्रेमवाल्यांनी टेबलावर थाप मारली. "मी काय काय मनात आणलं, माझं मला माहीत. आणि तू तिथे जाऊन दुकानाचं नाव राखत होतास!" मग ते स्टुलावर चढले, पट्टीवरचं कापड सोडलं आणि एक टोक मुलाच्या हातात दिलं. "धर. एकट्याला पेलायची नाही."

आतून त्यांची बायको बाहेर आली. फोटो बघून म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होते?" आणि दोघांनाही न विचारता चहा ठेवायला परत आत गेली.

रविवारी मेळावा थाटात झाला. भूगोलवाली गायली, अळ्यावाल्यानं भाषण केलं. प्राचार्यांनी पडदा ओढला आणि हातभर सोनेरी चौकटीतलं ते कोपर सगळ्यांसमोर आलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतला कोणीतरी शेजाऱ्याला म्हणाला, "मॉडर्न आर्ट दिसतंय." शिंपी पहिल्या रांगेत बसला होता. मुलाला लहानपणी आपणच कपडे शिवले, तेही बाहीपासून, असं तो ज्याला त्याला सांगत होता.

मग सगळ्यांना भिंतीखाली उभं केलं. चौकटीच्या बरोबर खाली मुलगा, अंगावर नवा सदरा, शेजारी फ्रेमवाले. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर म्हणाला, "हं, इकडे बघा." सगळ्यांनी बघितलं. फ्रेमवाल्यांनी मात्र वर बघितलं. शिपायानं फ्रेम टांगली होती ती केसभर कलली होती.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला. प्राचार्य, गायिका, अळ्यावाला, सगळे स्पष्ट, हसतमुख. मुलाच्या तोंडासमोर मात्र कोणाचं तरी कोपर आलं होतं.

तो सोमवार होता. मुलाची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. फ्रेमवाल्यांनी पेपर चार वेळा वाचला, घडी केली आणि कोणाकडेच न बघता म्हणाले, "आज तो मोठा आरसा यायचाय. एकट्यानं उचलायचा नाही तो."

"मग उद्या जातो," मुलगा म्हणाला.

आरसा केव्हाच आला, बसवूनही झाला. पेपरातला तो फोटो आता दुकानात दारासमोर लावलाय, बारीक काळ्या पट्टीत, कारण एका दिवसाला त्याहून जास्त पट्टी नियमात बसत नाही. गिऱ्हाईक विचारतं, यात तुमचा मुलगा कुठला? फ्रेमवाले दोन कोपरांकडे बोट दाखवतात, वरचं त्याचं, खालचं माझं. आणि आतल्या टेबलाशी मुलगा काच पुसत असतो. विचारलं तर सांगतो, उद्या निघायचंय.