ढोलीत लपलेला पोरगा

“आत्ता हासू नका वं, हासणं समोर हाये!” हातातली अर्धी वळलेली विडी उंच धरून काकी आम्हाला दटावायची. आम्ही तोंडात पदर कोंबायचो. हसणं पुढे आहे हे ठाऊक असायचं, पण तोवर दम कुणाला?

मोहाडीत तिच्या पडवीत आम्ही सात-आठ जणी विड्या वळायला बसायचो. तुमच्याकडेही अशी एखादी असेल, जिला हात हलवल्याशिवाय बोलता येत नाही. काकीचे हात हलले की विड्या थांबायच्या. म्हणून आमची एक रीत होती. ती गोष्ट सांगायची आणि आम्ही प्रत्येकी मधून मधून एक विडी तिच्या सुपात टाकायचो. संध्याकाळी तिचं सूप आमच्याइतकंच भरलेलं असे.

गोष्ट बहुतेक एकच. नवी नवरी असताना नागपूरला तिने एक सिनेमा पाहिला होता, काळापांढरा. कॉलेजातली दोन पोरं, सायकल एक, दोघांत मिळून कोटही एक. त्यातला एक मैत्रिणीच्या घरी जातो आणि तिचा बाप आला म्हणून धान साठवायच्या ढोलीत, म्हणजे मोठ्या कणगीत, लपतो. तेवढ्यात आजी येते आणि ढोलीत धान ओतायला लागते. काकी उठून आजी व्हायची. “एक पायली... दोन पायली... काहून वं, हे धान शिंकून राह्यलं?” कितीदा ऐकलं तरी आमच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी साल असेल. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली, तेव्हा तंबूत नवा सिनेमा आला. जुनीच गोष्ट, आता रंगीत, असं पाटीवर होतं. मी चौथी शिकलेली, म्हणून मीच सगळ्यांना वाचून दाखवलं. काकीला पुढे घालून आम्ही गेलो.

सायकलीच्या जागी मोटरसायकल. कोट प्रत्येकाला वेगळा, तोही लाल. पोरगा पाण्यात पडला तरी त्याचा भांग मोडत नव्हता. बापाच्या भीतीने तो मोटारीच्या डिकीत लपला. ढोली नाही, आजी नाही, धानाचा एक दाणा नाही.

“जुन्यातला पडला का आपल्यालेच लागे,” काकी तंबूतच मोठ्याने म्हणाली. “हा पडते तं गाणं सुरू होते!”

“ओ बाई, चूप बसा नं!” मागून कुणीतरी ओरडलं.

आमच्यात वयाने थोरली एक होती, जिभेची तिखट. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “काकी, तुही आजी कुठं गेली वं?”

“नव्यावाल्यानं घेतलीच नाही तिले. जुन्यात हाये.”

“हाये, का तूच घातली?”

काकीने पुढचं पान उचललं. त्या दिवशी तिच्या सुपात कुणी विडी टाकली नाही. मान खाली घालून ती स्वतःच वळत बसली. असे आठ दिवस गेले. तिच्या गोष्टीवाचून करमत कुणालाच नव्हतं, पण माघार कोण घेणार?

नव्याला गर्दी झाली, म्हणून तंबूवाल्याने शेवटच्या दोन दिवसांसाठी जुनाही आणला. सगळ्यांना घरून पुन्हा सोडणार नव्हते. काकी तर म्हणाली, “मी कायले येऊ? माहा पाहून झाला.” थोरलीने माझ्याकडे बोट केलं. “हिले पाठवा. हे बोलतच नाही, तं खोटं काय बोलन!”

मी नवऱ्यासोबत गेले. तो अर्ध्यातच घोरायला लागला. सायकल होती. कोट एकच होता. पोरगा असा पडला की माझाच गुडघा दुखला. मग तो लपला, पण कपाटात. दार लावलं, दार उघडलं, आला बाहेर. आजी होती. हातात लोटा घेऊन ती एका दारातून आली आणि दुसऱ्या दारातून गेली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. काकी तेवढी खाली पाहून तेंदूची पानं कापत होती. तिची कात्री मघापासून एकाच पानावर फिरत होती.

“आजी होती?” थोरलीने विचारलं.

“होती.”

“धान वतलं?”

माझे कान तापले. “वतलं,” मी म्हणाले. “तीन पायल्या.”

थोरलीने आपल्या सुपातली एक विडी उचलली आणि काकीच्या सुपात टाकली.

संध्याकाळी निघताना काकीने मला दारात थांबवलं. “आजी काही बोलली का वं?”

“नाही.”

“म्हनून तं मलेच बोला लागे तिच्यासाठी,” ती म्हणाली आणि आत वळली.

काकी जाऊन आता तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात गल्लीत पहिला टीव्ही आला. रविवारी संध्याकाळी त्यावर तोच जुना सिनेमा लागला, तेव्हा आम्ही सगळ्या जाऊन सतरंजीवर बसलो. पोरगा कपाटात शिरला, बाहेर आला. आजी लोटा घेऊन गेली. मी भिंतीला टेकून पदराचं टोक मुठीत धरलं. आता कुणीतरी माझ्याकडे वळणार.

कुणी वळलं नाही. मग थोरली म्हणाली, “टीव्हीवाल्यानं थो भाग काढून टाकला वं.”

“काढलाच बाई,” दुसरी म्हणाली.

“एवढा चांगला भाग,” तिसरी म्हणाली. “कायले काढला असन?”