दुसरा डबा

रान्नूला वास येत नव्हता. तीस वर्षं जहाजांच्या लाकडाला व्हार्निश लावता लावता नाक मेलं होतं. तानाबेरूच्या किनाऱ्यावर, जिथे ही जहाजं बांधली जात, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर हातचं काम गेलं असतं.

ती डोळ्यांनी काम करायची. पहिला हात निम्मं थिनर घालून, पाण्यासारखा पातळ. लाकडाने तो पिऊन टाकला पाहिजे. पुढचे हात दाट होत जायचे. काडीवरून थेंब कसा गळतो तेवढं बघायची.

या जहाजाचं सुकाणूचं चाक तिने चार दिवसांपूर्वी पुरं केलं होतं. आज जहाज पाण्यात सोडण्याआधीचा विधी होता, तळाशी जहाजाची नाभी कोरायची होती. कोंबडा आला, पाहुणे आले. जहाजाच्या मालकाने कौतुकाने चाकावर हात ठेवला. तो चिकटला.

मुकादम मुख्तार पुढे झाला. तिचा थिनरचा डबा त्याने सगळ्यांदेखत हुंगला.

"अम्मा, यात डिझेल आहे. काय ओतलंस हे? नाक आहे की नुसतं शोभेला?"

"शोभेलाच आहे," रान्नू म्हणाली. "तुमच्या जहाजांनी खाल्लं. तोंडाला बांधायला फडकं मागितलं तेव्हा सगळे हसला होतात."

जहाज बांधणारे म्हातारे पुआंग सुल्ले खाली बघू लागले.

"डबे तू दिलेस," ती मुख्तारला म्हणाली. "दोन आणले होतेस. दुसरा अजून तुझ्या खोलीत कुलपात आहे, त्याला माझा हातही लागलेला नाही. आण."

मालकाने मान हलवली. मुख्तारला डबा आणावा लागला. रान्नूने त्यात काडी बुडवली आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, छातीशी, एक थेंब सोडला.

"थिनर असेल तर उडून जाईल. गेला, की मी घरी बसून केळी तळते."

सगळे सदऱ्याकडे बघत राहिले. थेंब उडाला नाही. पसरला.

"थिनरचं दुकान लांब होतं," मुख्तार पुटपुटला. "पातळ ते पातळ, असं वाटलं."

पुआंग खाकरले. "रान्नू, चाक पुन्हा कर. पण यापुढे डबा आधी मला हुंगू देत जा."

"चार दिवस तुमचं नाक याच किनाऱ्यावर होतं, पुआंग."

तिने पिशवीतून पातं काढलं आणि चाक खरवडायला बसली. उद्यापर्यंत थांब, असं कुणीतरी म्हणालं. ती थांबली नाही. खाली नाभीचे मंत्र सुरू झाले, वर पात्याची खरखर. मुख्तार कोंबडा छातीशी धरून उभा होता, डाग झाकत.