खुर्चीला हँडल नाही

व्हीलचेअर बास्केटबॉलच्या खुर्चीला मागे हँडल नसते. ही गोष्ट मी गेली कित्येक वर्षे लोकांना सांगत आले आहे; त्रिकोणाच्या कोनांची बेरीज सांगावी तशी, शांतपणे आणि कारणासह. खेळताना कोणी कोणाला ढकलत नाही, म्हणून हँडल नसते. चाके सरळ उभी नसून खालच्या बाजूला फाकलेली असतात, म्हणजे वेगात वळताना खुर्ची कलंडत नाही. आणि चाकाच्या मधोमध एक बटण असते. ते दाबले की अख्खे चाक आसासकट निघून हातात येते. बसमध्ये खुर्ची ठेवता यावी म्हणून ही सोय आहे. सहावीच्या मुलींना एवढे एका तासात समजते. मोठ्या माणसांना ते ऐकून घ्यावेसेही वाटले नाही, आणि त्यापायी माझे जे गेले त्याचा राग मी अजून सोडलेला नाही. तो सोडावा असा सल्ला देणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

मी तेलुगू राज्याच्या सीमेवरच्या एका गावात, मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत गणित शिकवते. एकोणिसाव्या वर्षी कापसाने भरलेल्या बैलगाडीवरून पडले आणि छातीखालचे शरीर माझे ऐकेनासे झाले. लोकांना नेमके तेवढेच सविस्तर ऐकायचे असते, म्हणून मी ते एका वाक्यात संपवते. उपचारासाठी दक्षिणेतल्या एका रुग्णालयात काही महिने होते. तिथल्या मैदानात दोन खुर्च्या एकमेकींवर धाडकन आदळताना मी पाहिल्या. एक बाई खुर्चीसकट आडवी झाली, हात टेकून पुन्हा सरळ झाली आणि पुढे गेली. बघणाऱ्यांपैकी कोणीही ‘अरेरे’ म्हटले नाही. त्या न म्हटलेल्या ‘अरेरे’साठी मी खेळाडू झाले.

या खेळात प्रत्येक खेळाडूला त्याचे शरीर किती काम करते त्यानुसार एक अंक देतात: एकपासून साडेचारपर्यंत. मैदानात एका वेळी पाच जणी, आणि पाचही अंकांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये. माझा अंक एक. पोटाच्या आणि कमरेच्या स्नायूंवर ताबा नाही, म्हणून पट्ट्याने स्वतःला खुर्चीला बांधून घ्यावे लागते. मी चेंडू टोपलीत टाकत नाही. माझे काम म्हणजे समोरच्या संघातल्या उंच, साडेचार अंकांच्या बाईच्या वाटेत माझी खुर्ची अशी नेऊन लावायची, की तिचे चाक माझ्या चाकापाशी अडावे आणि तेवढ्या क्षणात आमची नेमबाज पुढे निसटावी. त्यासाठी तिच्याआधी तिथे पोहोचावे लागते. चाकांना हातांनी दिलेल्या पहिल्या तीन रेट्यांत, म्हणजे पुशमध्ये, खुर्ची बाणासारखी सरळ सुटली पाहिजे. गुण दुसरीच्या नावावर लागतात आणि माझ्या कामाची गुणतक्त्यात नोंद होत नाही. ते मला मान्य आहे. समीकरणात जो अंक उत्तरात दिसत नाही, तो अनावश्यक असतो असे गणित म्हणत नाही.

नऊ वर्षे मी राज्याच्या संघात होते. देशाच्या शिबिरासाठी दोनदा बोलावणे आले, दोन्ही वेळा शेवटच्या बारा जणींत नाव लागले नाही. तिसऱ्यांदा बोलावणे आले तेव्हा मी छत्तिशीत होते. चौथे येणार नाही हे सांगायला ज्योतिषी नको होता. वर्षभर रोज पहाटे, शाळेच्या आधी, जवळच्या बेला गावातल्या कापूस खरेदीच्या आवारात, सिमेंटवर, मी ते तीन पुश घोटवले. मोसमात तिथे कापसाचे ढीग लागत, तेव्हा ढिगांमधल्या बोळांतून. सरकीचे टरफल चाकाखाली आले की खुर्ची किती बोटे सरकते, तेसुद्धा मला पाठ झाले होते.

शिबिराला आठ दिवस उरले असताना आमच्या हेडमास्तरांनी सत्कार ठरवला.

“मॅडम, रोजच्या खुर्चीत नोका येऊ,” ते म्हणाले. “ती खेळाची आणा. फोटोत कशी उठून दिसते!”

मी लेखी अर्ज दिला. कार्यक्रम खाली मैदानात घ्यावा किंवा मंचाला उतार करावा. मंच अडीच फूट उंच आहे, त्यामुळे फुटाला बारा फूट या प्रमाणाने उतार तीस फूट लांब लागेल, असा हिशेबही खाली मांडून दिला. हेडमास्तरांनी तो उभ्याउभ्या वाचला आणि हसले.

“तीस फूट! मॅडम, तिथं तं पाण्याची टाकी हाय. आन् पाहुणे खाली कसे बसतीन? आमी आहो ना, चार जण. फुलासारखं उचलतो तुमाले.”

“मी फूल नाही, सर. खुर्चीसकट माझं वजन दोन पोती सिमेंटाएवढं आहे.”

“मंग सिमेंटासारखं उचलू!” ऑफिसातले सगळे हसले. मीही हसले, आणि ती माझी चूक होती.

माझे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबले आणि मला शिकवले. हक्क ताठ मानेने मागायचा, हे आमच्या घरात बाराखडीच्या आधी शिकवले जाते. अडवणाऱ्यासमोर कसे उभे राहायचे ते मला माहीत होते. उपकार करायला आलेल्या माणसाला ‘नको’ कसे म्हणायचे, ते मात्र कोणी शिकवले नव्हते. अडवणारा निदान समोर तरी उभा असतो. उपकार करणारा मागून येतो. तो काय करतो आहे हे कळेपर्यंत आपण चालू लागलेलो असतो.

सत्काराच्या दिवशी मंचाच्या पाच पायऱ्यांपाशी चार जण पुढे आले. ध्वनिवर्धकावर गाणे लागले होते. मी चौघांना हात करून थांबवले आणि सांगितले, खालच्या नळीला धरा, चाकाला हात लावू नका. त्यांनी माना हलवल्या. त्यांतला एक मागे गेला.

“अबे, याले हँडल कुठं हाय?”

“नाहीच हाय.”

“मंग धरू कशाले?”

“धर ना चाकाले, येवढं मोठं चाक हाय!”

मी ओरडले. गाण्याच्या आवाजात माझ्या शेजारच्याला काय ऐकू आले कोण जाणे. तो वाकून म्हणाला, “भेऊ नोका मॅडम, काही नाही होत.”

चौथ्या पायरीवर डावीकडच्या माणसाचा अंगठा त्या बटणावर पडला. चाक त्याच्या हातात आले. तो मागच्या मागे पडला, खुर्ची डावीकडे कलली, आणि पट्ट्याने बांधलेली मी तिच्याबरोबर पायऱ्यांवर आपटले. मला दिसले ते एवढेच, की तो माणूस त्या चाकावर बसला आहे आणि चाक त्याच्याखाली पापडासारखे वाकले आहे.

मग ‘अरेरे’ सुरू झाले. पाणी आले, कोणीतरी माझ्या डोक्यावर हात फिरवला. ‘मॅडम, लागलं का? लागलं का?’ मला कोपराला खरचटले होते, बाकी काही नाही. मी चाक मागत होते. चाकाकडे कोणीही पाहत नव्हते.

याच्यानंतर जे झाले त्याचा राग मला पडण्याहून जास्त आहे. त्यांनी कार्यक्रम थांबवला नाही. वाकलेले चाक दोघांनी दाबून बसवले, मला तसेच वर नेले आणि पाहुण्यांशेजारी ठेवले. मांडीवर शाल आणि नारळ दिला. मांडीला कळत नाही, म्हणून नारळ घरंगळू नये यासाठी तो मी दोन्ही हातांनी धरून बसले. टाळ्या वाजवायलाही हात मोकळा नव्हता. पाहुणे तेलुगूभाषक होते. माझ्याकडे झुकून प्रेमाने म्हणाले, “एन्नी गोल्स कोट्टारम्मा?” किती गोल मारले, असे विचारत होते.

“एकही नाही,” मी त्यांना तेलुगूतच सांगितले.

“मॅडम मजाक करून राह्यल्या, सार,” हेडमास्तर मधेच म्हणाले. मग पाहुणे माझ्या जिद्दीवर बराच वेळ बोलले. पडूनही मी हसत होते, असे ते म्हणाले. मी हसत नव्हते. छायाचित्रातसुद्धा तसे दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी चाक घेऊन आदिलाबादला गेले. तिथे एक म्हातारे सायकल मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी माझी विचारपूस करण्याआधी चाक हातात घेतले, डोळ्यांसमोर धरून फिरवले आणि मगच माझ्याकडे पाहिले. त्या आठवड्यात मला भेटलेला हा पहिला शहाणा माणूस.

“ये कैसा हुआ, बेटी?”

“चार लोगों ने मदद की, चाचा.”

त्यांनी मान डोलावली, जणू हे दुखणे त्यांच्या दुकानात रोजच येते. दुपारपर्यंत एकेक तार कसत, रिमला खडू लावून पाहत, पुन्हा कसत ते बसले. शेवटी म्हणाले, “इत्ती लहर रह गई. रोज के चलने को कुच नहीं होता. मगर तुम तो इसको दौड़ाते ना.”

एवढी लहर, म्हणजे रिममध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा बाक.

शिबिरात दुसऱ्या खेळाडूचे चाक लावून पाहिले. आसाची जाडी वेगळी, बसेना. चाचणीत मी तेच चाक घेऊन उतरले. पहिला पुश सरळ गेला. दुसऱ्याला खुर्ची डावीकडे ओढू लागली, तिसऱ्यात मी ती डाव्या हाताचा जोर वाढवून सावरली, आणि तेवढ्यात जिला अडवायचे ती उंच मुलगी पुढे निघून गेली. वीतभर अंतर राहिले. पुन्हा तेच झाले, आणि पुन्हा.

प्रशिक्षक बाईंनी शिट्टी वाजवून मला कडेला बोलावले.

“ताई, खुर्ची ओढते आहे का?”

“हो.”

“कशाने?”

“सत्कारात झाली.”

मी विनोद करते आहे असे समजून त्या हसल्या, आणि मी खुर्ची वळवून रांगेत परत गेले. संध्याकाळी बारा नावे भिंतीवर लागली. एक अंकाच्या दोन जागा होत्या, दोन्हीवर विशीतल्या मुली.

इथे मला काटेकोर राहिले पाहिजे. चाक नीट असते तर माझे नाव लागले असते, असे मी म्हणत नाही. ते सिद्ध करता येत नाही. त्या दोघी चपळ होत्या, मी छत्तीस वर्षांची होते. कदाचित मी हरलेच असते. पण मग ती हार माझी असती. मी तिला ओळखले असते, तिच्यातल्या चुका शोधल्या असत्या, पहाटे आवारात जाऊन तिचे उत्तर काढले असते किंवा उत्तर नाही हे मान्य केले असते. सतरा वर्षांत मी एवढेच कमावले होते, की माझे जिंकणे आणि हरणे माझ्या दोन हातांवर यावे. त्या चौघांनी पाच पायऱ्यांत ते माझ्याकडून काढून घेतले, आणि त्यांना अजून वाटते की त्यांनी मला काहीतरी दिले.

“माणसं चांगल्याच मनानं करते,” माय म्हणाली. “तू काऊन येवढी तडतड करून राह्यली वं?”

“चांगल्या मनानं केलं म्हणूनच कोणी थांबवलं नाही, माय.”

त्या रविवारी मी मायबरोबर माझी रोजची खुर्ची घेऊन वेल्डिंगच्या दुकानात गेले आणि दोन्ही हँडले बुडापासून कापायला सांगितले. दुकानदाराने दोनदा विचारले, “ताई, वापस जोडलं तं मजबूत नाही होनार बरं.” मी म्हटले, जोडायचे नाही. ठिणग्या उडाल्या, दोन नळ्या खाली पडल्या, त्याने टोके घासून गुळगुळीत करून दिली. घरी येताना मायने सवयीने मागे हात नेले.

“आता म्या कशाले धरू?”

“काही नको धरू. बाजूनं चाल.”

ती बाजूने चालली. सगळी वाट चिडलेली होती, पण बाजूने चालली.

सोमवारी शाळेच्या फाटकाशी हेडमास्तर भेटले. फाटकापासून ओसरीपर्यंत खडी टाकलेली आहे, आणि गेली कित्येक वर्षे ते रोज न विचारता मागून येऊन मला ओसरीपर्यंत ढकलत नेत. शिबिरात नाव लागले नाही हे त्यांना कळले होते. “जाऊ द्या मॅडम,” मागून आवाज आला, “भाग घेतला हेच लय झालं. पंधरा ऑगस्टले पुन्हा सत्कार ठेवू.” बोलता बोलता त्यांनी हात पुढे केले असावेत, कारण वाक्य मधेच थांबले. मी मान वळवून पाहिले. त्यांचे दोन्ही हात, मुठी अर्ध्या मिटलेल्या, हवेत तसेच होते.

मी चाकांवरचे हात मांडीवर घेतले. वर्गात उत्तर सांगून टाकायचे नसते, थांबायचे असते.

बऱ्याच वेळाने ते खडीवरून वळसा घालून समोर आले. इतक्या वर्षांत त्या वाटेवर मी त्यांचा चेहरा प्रथमच पाहत होते.

“मंग आता काय करू, मॅडम?” त्यांनी विचारले.

“सत्कार करू नका,” मी म्हटले. “आणि ते फाटक धरा. वाऱ्याने मिटते.”

त्यांनी फाटक धरले. मी खडीवर पहिला पुश मारला.