कोणतं वरवट?

माझ्या सासरच्या गावाचं पूर्ण नाव वरवट बकाल. हे पूर्ण नाव आमच्या घरात मोठ्यानं घ्यायची सोय नव्हती. मोताळ्याला, माझ्या माहेरी, लग्नाची बैठक बसली होती तेव्हा एका मावशीनं सगळ्यांसमोर थट्टा केली, की शिकलीसवरली पोरगी अन् बकाल गावात देऊन राह्यले. होणाऱ्या सासऱ्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. बकाल म्हणजे घाण नव्हे, त्यांनी मावशीला ऐकवलं, बक्काल म्हणजे दुकानदार, व्यापाराचं गाव होतं आमचं. हे खरं की त्यांनी तिथंच जुळवलं, मला अजून माहीत नाही. शेवटी म्हणाले, आम्ही नुसतं वरवट म्हणतो, तुम्हीही तसंच म्हणत जा. मग मीही नुसतं वरवट म्हणू लागले. आमच्याच तालुक्यात वरवट खंडेराव नावाचं दुसरं गाव आहे, हे मला लग्नानंतर कळलं. पण सासऱ्यांच्या हिशेबी वरवट एकच, आणि ते आमचं.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते आणि सासूबाईंना आत्याबाई. मामाजींना गावाच्या नावाखालोखाल कशाचा राग असेल तर तो बंबाचा. आग विझवायच्या गाडीला आमच्याकडे सगळे बंबच म्हणतात. माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी, एका उन्हाळ्यात भरदुपारी आमच्या गोठ्याला आग लागली होती. बैल शेतात होते म्हणून वाचले. गाय मात्र आत बांधलेली होती, आणि शेजारीच कुटार, म्हणजे गुरांचा वाळला भुसा, रचलेलं. ती गाय आत्याबाईंनी माहेराहून आणली होती. बंब आला तेव्हा विझवायला फक्त लाकडं उरली होती. तेव्हापासून मामाजी बंबाला राख भिजवणारी गाडी म्हणत, आणि घरात जो कोणी उशिरा येई त्याला बंब म्हणत. नवरा बाजारातून अंधार करून आला की ओसरीवरून आवाज यायचा, आला आपला बंब. मला उशिराचा भारी राग, त्यामुळे तो शब्द मला फार आवडला. नवऱ्यावर मी तो मामाजींपेक्षाही जास्त वापरला असेन.

यंदा एप्रिलमध्ये माझी मुलगी शाळेतून बातमी घेऊन आली. ती तिसरीत आहे. जवळच्या शहरातल्या अग्निशमन केंद्रावर रविवारी मुलांना बंब पाहायला मिळणार होता. आत बसायचं, टोपी घालायची, पाइप धरायचा, सगळं. तिनं रात्रीच्या जेवणापर्यंत घरातल्या प्रत्येकाला ते दोनदा सांगितलं, आणि जेवताना जाहीर केलं की आबाजी आले तरच मी जाणार. ती आजोबांशिवाय कुठं जात नाही. मला वाटलं, झालं, आता बंबाचा उद्धार सुरू होणार. पण मामाजी भाकरी मोडता मोडता शांतपणे म्हणाले,

"येतो ना. मले तेथी एक गोष्ट इचाराचीच हाय."

उशीर का केला, दुसरं काय विचारणार! इतकी वर्षं पोटात धरलेली गोष्ट हे तिथं जाऊन विचारणार, पन्नास लोकांसमोर, आणि माझ्या पोरीच्या आनंदावर पाणी फिरणार. तिनं वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी काही मनात ठेवणाऱ्यांपैकी नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना स्पष्ट सांगितलं, की मामाजी, तिथं भांडण झालं तर पोरगी आयुष्यभर विसरणार नाही. ते म्हणाले, भांडण काऊन होईल, इचारल्यानं काय कोणाचं बिघडते? मी नवऱ्याकडे गेले. नवरा म्हणाला, बाबा आहेत ते, मी काय बोलू. अशा वेळी त्याचा काहीच उपयोग नसतो.

रविवारी नवऱ्यानं मित्राची गाडी आणली. उन्हं तापायच्या आत निघालो, कारण सगळ्यांना पहाटेपासून मी हाकलत होते. मामाजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. हे मला आणखीच वाईट लक्षण वाटलं. भांडायला जाताना ते नेहमी इस्त्रीचा सदरा घालतात. आत्याबाई खिडकीशी बसून बाहेर बघत होत्या. त्या तशाही कमी बोलतात, आणि बंबाचा विषय निघाला की मुळीच बोलत नाहीत.

केंद्राच्या अंगणात मंडप टाकला होता. थंड पाण्याचे जार, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि मधोमध धुऊनपुसून लख्ख केलेला लाल बंब. मुलं त्याच्यावर नुसती लोंबकळत होती. माहिती सांगायला एक तरुण जवान होता. सकाळपासून ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता, त्यामुळे तो जे सांगे ते सगळं गुपित सांगितल्यासारखं वाटे आणि मुलं आपोआप गप्प होत. त्यानं जाड कोट घालून दाखवला, तोंडावर मास्क लावला, पाठीवर हवेची टाकी घेतली. पुढची दोन चिमुरडी रडायलाच लागली. त्यानं मास्क काढला, हसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. आगीत असा माणूस दिसला तर पलंगाखाली लपायचं नाही, त्याच्याकडे जायचं, हे त्यानं मुलांकडून म्हणून घेतलं.

माझ्या पोरीनं टोपी घातली तेव्हा तिचं डोकं हनुवटीपर्यंत आत गेलं आणि आतून हसण्याचा आवाज येत राहिला. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली, उतरली, पुन्हा रांगेत लागली आणि पुन्हा बसली. मग पाइपची पाळी. पाण्याचा जोर असा, की एका मुलामागे एक मोठं माणूस उभं राहून धरायचं. नवरा नेमका तेव्हा गायब होता, म्हणून पदर खोचून मीच उभी राहिले. पाणी सुटलं आणि आम्ही दोघी मागे रेटल्या गेलो. कपडे भिजले, चपला चिखलात गेल्या. बाजूच्या एक बाई आपल्या मुलाला भिजू नको म्हणून रागावत होत्या. मीही घरी तेच केलं असतं. पण त्या दिवशी पाइप सोडावासा वाटेना. जवानाला दोनदा म्हणावं लागलं, ताई, आता दुसऱ्यांना द्या.

एवढ्या गमतीतही माझं अर्धं लक्ष कडुनिंबाखालच्या खुर्चीकडे होतं. मामाजी तिथं बसून बंबाकडे एकटक पाहत होते. मध्ये ते उठले आणि बंबाजवळ उभ्या असलेल्या एका वयस्कर कर्मचाऱ्याकडे गेले. मी भिजल्या साडीनं त्यांच्या मागे. ऐकते तर ते विचारत होते, हिच्यात पाणी किती मावते. माझा जीव भांड्यात पडला. हीच ती गोष्ट असेल असं मनाला समजावून मी पोरीकडे परत गेले.

शेवटी टेलिफोनचा खेळ होता. टेबलावर एक जुना लाल फोन, आणि पडद्यामागे दुसरा फोन घेऊन तोच घसा बसलेला जवान. मुलानं फोन उचलायचा आणि आग लागल्याची खबर द्यायची. नीट खबर दिली की भोंगा वाजायचा. एका मुलानं सांगितलं, आमच्या घराले आग लागली. घर कुठी हाय? शाळेच्या मांगं. शाळा कुठी हाय? आमच्या घराच्या पुढं. मंडपात हशा पिकला. मग माझ्या पोरीची पाळी आली. ती तर तालीम करून आली होती. स्वतःचं नाव सांगितलं, काय पेटलं ते सांगितलं, आत माणूस नाही हेही सांगितलं. मग म्हणाली, गाव वरवट.

"कोणतं वरवट?" पडद्यामागून घोगरा आवाज आला.

"आमचं," ती म्हणाली.

पुन्हा हशा. जवान पडदा सारून बाहेर आला आणि आम्हा मोठ्यांकडे वळला. म्हणाला, हसू नका, घाबरलेला माणूस असंच सांगते. आपल्या जिल्ह्यात पिंपळगावं किती आहेत मोजून पाहा. माणूस घरी बोलते तेवढंच नाव घेते अन् फोन ठेवून देते. आमची गाडी कितीही जोरात गेली, तरी चुकीच्या गावालेच जोरात जाते. त्याच्या बोलण्यात कुणावर राग नव्हता, रोजची अडचण सांगावी तसं तो सांगत होता.

मी कडुनिंबाकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. मामाजी गर्दीतून टेबलाकडेच येत होते. वाटलं, आता सुरू होणार. ते येऊन पोरीजवळ वाकले.

"बकाल म्हण," ते म्हणाले.

"पण आबाजी, तुम्हीच तं म्हणता का ते नाही म्हणाचं."

"आता म्हण. वरवट बकाल, तालुका संग्रामपूर. पुरं म्हण."

तिनं फोनमध्ये पुरं म्हटलं. भोंगा वाजला, पोरीनं उड्या मारल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामाजी आमच्या गाडीकडे चालू लागले. मला इतकं हलकं वाटलं, की परतीच्या वाटेवर मी सगळ्यांना कचोऱ्या घेतल्या. एका झाडाखाली गाडी थांबवून आम्ही त्या खाल्ल्या. पोरगी बोनेटवर बसून भोंग्याचा आवाज काढत होती.

माझ्या जिभेला हाड नाही. दिवस चांगला गेला होता, गप्प बसायचं होतं. पण मी मामाजींना चिडवलंच, की इतका मोठा प्रश्न घेऊन आले होते, अन् शेवटी पाणी किती मावते एवढंच विचारलं.

मामाजींनी कचोरीचा कागद घडी करून हातात धरला. म्हणाले, पाण्याचं तं असंच इचारलं. तू गेल्यावर खरं इचारलं, का त्या वेळचा डायवर अजून हाय का. तो रिटायर झाला म्हणे.

त्याचं काय काम होतं, नवऱ्यानं विचारलं.

"त्याले मी लय बोललो होतो त्या दिवशी. सगळ्या गावासमोर. त्याची चूकच नव्हती." त्यांनी कागदाची आणखी एक घडी घातली. "मी फोनवर नुसतं वरवट म्हटलं. लवकर या म्हटलं अन् ठेवला. गाडी आधी वरवट खंडेरावले जाऊन आली. त्यानं मले तेव्हाच सांगतलं होतं."

इतकी वर्षं मामाजींनी एकट्यानं हे पोटात ठेवलं होतं, आणि कुणी विचारायच्या आत बंबाला शिव्या देऊन मोकळे होत होते. मला त्यांची फार दया आली. आणि त्याच वेळी हेही डोक्यात आलं, की गाय आत्याबाईंची होती आणि त्या हे सगळं ऐकत आहेत. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

आत्याबाईंनी पदरानं हात पुसले.

"मी बाजूलेच उभी होती," त्या म्हणाल्या. "फोन तुमच्या हातात होता, पण आयकून तं मीही राह्यली होती. मलेही नाही सुचलं बकाल म्हणाचं."

आत्याबाई पुढं बोलल्या, हळू, पण न थांबता. तुम्ही बंबाले शिव्या देत अन् मले बरं वाटे. माह्याकडं कोणी पाहत नसे.

"मंग तू काऊन नाही बोलली?"

"तुम्ही काऊन नाही बोलले?"

आत्याबाईंनी आपल्या कागदातली अर्धी उरलेली कचोरी मामाजींपुढे केली. तिखट झेपत नाही म्हणून त्यांनी ती ठेवली होती. मामाजींनी ती घेतली आणि खाल्ली. मग आम्ही गाडीत बसलो. पोरगी दोघांच्या मध्ये झोपली. मी पुढच्या सीटवर होते आणि घर येईपर्यंत मागं वळून पाहिलं नाही. रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं.

संध्याकाळी शेजारचे काका नेहमीसारखे ओसरीवर येऊन बसले. मी चहा नेऊन दिला. कसा होता बंब, त्यांनी विचारलं, अन् तुम्ही चांगली खरडपट्टी काढली की नाही त्यांची? मामाजींनी बशीत चहा ओतला.

"बंब चांगला हाय," ते म्हणाले. "गाय गेली ती त्यायच्यानं नाही गेली. चूक माही होती."

आतून, चुलीपाशी बसलेल्या आत्याबाईंचा आवाज आला.

"आमची म्हणा."

मामाजींनी बशी खाली ठेवली आणि काकांना तेच पुन्हा, दुरुस्त करून सांगितलं.