मूर्तिजापूर शाखेतल्या तायडेबाई

असे अनुभव मी आजवर वाचले ते करमणूक म्हणून. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... वाचायचं आणि झोपून जायचं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात अंगारा, उतारा, बाहेरची बाधा हे शब्दच बंद झाले. बाबा जन्मभर शाळेत विज्ञान शिकवत होते. लहानपणी मी अंधाराला घाबरले की ते दिवा न लावताच मला त्या खोलीत न्यायचे आणि प्रत्येक वस्तूला हात लावून ती काय आहे ते ओळखायला सांगायचे. अशा घरातल्या मुलीला भर गाडीत ‘तुम्ही लोक अजून असलं मानता का’ असं ऐकावं लागलं. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी अमरावतीतल्या एका छोट्या आयटी कंपनीत नेटवर्क इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी आम्हाला एका पतसंस्थेचं काम मिळालं. मुख्य कार्यालय अकोल्यात, शाखा अकोला-अमरावती दोन्ही जिल्ह्यांतल्या तालुक्यांच्या गावी. सगळ्या शाखांमध्ये वायफाय बसवायचं आणि त्याचा कारभार एकाच ठिकाणाहून चालवायचा. पूर्वी अशा कामाला गावोगाव इंजिनिअर फिरायचा. आता ॲक्सेस पॉइंट – छताला लावतात ती पांढरी चकती – कुरिअरनं शाखेत जातो. त्याची नोंद आमच्याकडे आधीच झालेली असते. तिथल्या माणसानं तो छतावरच्या पट्टीत अडकवून वायर खोचली की झालं. पासवर्डपासून सगळं सेटिंग तो इंटरनेटवरून स्वतःच उतरवून घेतो. मी अमरावतीत बसून माझ्या स्क्रीनवर लाल ठिपका हिरवा होताना बघते. थोडक्यात काय, तर शाखेत कुणीतरी शिडीवर चढणारं लागतं. बाकी मी आहेच.

मूर्तिजापूर शाखेचं काम रविवारी ठरलं होतं, म्हणजे ग्राहकांचा खोळंबा नको. वायरी ओढून, पट्ट्या ठोकून इलेक्ट्रिशियन आधीच गेला होता. शाखा व्यवस्थापक गावंडे साहेब म्हणाले होते, मी स्वतः येतो, इलेक्ट्रिशियनलाही बोलावतो. दुपारी जेवून मी त्यांच्या मोबाइलवर फोन केला. उचलला नाही. परत केला, तरी नाही. मग शाखेच्या लँडलाइनवर लावला.

लगेच उचलला. बाईचा आवाज होता, जरा धाप लागल्यासारखा. साहेब आलेत का म्हणून विचारलं.

“नाई आले. मी तायडेबाई बोलून राहिली. मले सांगा न काय करा लागते ते.”

मी वैतागले होते. मुख्य कार्यालयाला सोमवारी सकाळी शाखा चालू दाखवायची होती. मी विचारलं, शिडीवर चढावं लागेल, जमेल का? पलीकडे थोडा वेळ काहीच आलं नाही. मग म्हणाल्या, “जमन. थांबा, पदर खोचते.”

फोन साहेबांच्या केबिनमध्ये, नेटवर्कचं कपाटही तिथंच. आधी त्यांना कपाटाचं बटण बंद करायला सांगितलं. मग खोक्यांवरचा नंबर वाचायला सांगितला, तर म्हणाल्या बारीक अक्षर दिसत नाही, चष्मा नाही. म्हटलं राहू द्या, कुठलाही लावा, मी इकडे ओळखते. त्या रिसीव्हर टेबलावर ठेवून बाहेर जायच्या. मला लांबून शिडी फरशीवर ओढल्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ शांतता, मग ‘टक्’ – चकती पट्टीत बसल्याचा. परत येऊन त्या ‘झालं’ म्हणायच्या. शेवटी कपाटाचं बटण चालू केलं आणि माझ्या स्क्रीनवर एकेक ठिपका हिरवा होत गेला. सबंध प्रोजेक्टमध्ये इतकं विनातक्रार काम दुसऱ्या कुठल्याच शाखेत झालं नाही, हे मी आजही सांगते.

वाट बघताना त्यांनी विचारलं, ह्याच्यानं काय होते? मी सांगितलं की कर्मचाऱ्यांना हातात टॅब देणार आहेत; म्हाताऱ्या माणसांचं काम बाकावर बसल्या जागी होईल.

“म्हंजे उभं राहा नाई लागणार,” त्या म्हणाल्या. “बरं झालं.”

त्यांनी मला जेवण झालं का तेही विचारलं. मी त्यांना विचारलं नाही.

सोमवारी सकाळी प्रोजेक्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गावंडे साहेबांचा फोटो आला. चकतीखाली उभे, अंगठा वर. ‘मूर्तिजापूर शाखा यशस्वीरीत्या कार्यान्वित.’ खाली टाळ्यांची रांग. मला हसू आलं. फोन करून म्हटलं, साहेब, तायडेबाईंचाही एखादा फोटो टाका, सगळं त्यांनीच केलंय.

ते म्हणाले, मॅडम, सकाळी सकाळी अशी मस्करी बरी नाही. रविवारी ते अकोल्याला मेहुण्याच्या लग्नात होते. इलेक्ट्रिशियनला त्यांनीच नको म्हणून कळवलं होतं. शाखेची किल्ली त्यांच्या खिशात होती. सकाळी शटर उघडलं तर चकत्या लागलेल्या, म्हणून त्यांना वाटलं आमचाच माणूस येऊन गेला. किल्लीशिवाय आमचा माणूस कसा आत येईल, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

मला वाटलं, हा माणूस ड्युटी चुकवल्याचं झाकतोय. त्याच आठवड्यात मी मूर्तिजापूरला गेले. गावंडे साहेब बँकेच्या कामाला बाहेर पडले होते – मी येणार हे माहीत असूनही. शाखेत जुने कॅशियर राऊत काका होते. मी त्यांना रविवारचं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दाखवायला सांगितलं. हॉल रिकामा, शिडी भिंतीला टेकलेली. मग चित्र बंद – कॅमेऱ्याचा रेकॉर्डरही त्याच कपाटात, आणि कपाटाचं बटण मीच बंद करायला लावलं होतं. चित्र परत येतं तेव्हा शिडी हॉलच्या मध्यावर, छताला चकत्या. हॉल रिकामाच. त्यानंतर आम्ही रेकॉर्डिंग पुढे पळवत पळवत सोमवारी शटर उघडेपर्यंत पाहिलं. केबिनमधून कुणीही बाहेर आलं नाही. केबिनला दुसरा दरवाजा नाही, खिडकीला गज आहेत.

राऊत काका उठले आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेले. तिथं ॲक्सेस पॉइंटची रिकामी खोकी होती. सगळी उघडून सपाट केलेली, एकावर एक रचून साडीच्या किनारीच्या पट्टीनं बांधलेली.

“अशी खोकी इथं एकच बाई बांधे,” काका म्हणाले. “आता ते नाई राहिली.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. शोभा तायडे शाखा सुरू झाली तेव्हापासून तिथं होत्या. झाडणं, पाणी भरणं, चहा, फायली, म्हाताऱ्यांना हात धरून खिडकीपर्यंत नेणं. रोजंदारीवर. कायम करू, करू म्हणत अनेक व्यवस्थापक बदलून गेले. दोन वर्षांपूर्वी अध्यक्षांचा दौरा होता म्हणून त्यांना रविवारी पंखे पुसायला बोलावलं. त्या शिडीवरून पडल्या. एकट्याच होत्या. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. कायम नव्हत्या, आणि रविवारच्या हजेरीत नाव नव्हतं, त्यामुळे संस्थेच्या लेखी तायडेबाई त्या दिवशी शाखेत आल्याच नव्हत्या.

शिडीवर चढाल का म्हणून विचारल्यावर पलीकडे पसरलेली ती शांतता मला आठवली. माझ्या मोबाइलमध्ये तो कॉल आहे. त्याच नंबरवर, त्याच दुपारी, चांगला लांबलचक. मी वेडी नाही.

पुढचा प्रकार मात्र अमानवीय वगैरे काही नव्हता, पुरता मानवी होता. महिन्याभरानं अकोल्याला मुख्य कार्यालयात आढावा बैठक झाली. सगळ्यात आधी चालू झालेली शाखा म्हणून गावंडे साहेबांचा सत्कार. शाल, श्रीफळ, ‘सुट्टीच्या दिवशी स्वतः राबणारा अधिकारी’ असं निवेदन. ते शाल सावरत नमस्कार करत होते. मी प्रोजेक्टरशेजारी उभी होते, पुढचं प्रेझेंटेशन माझंच होतं. मी माइक हातात घेतला आणि म्हटलं, “मूर्तिजापूरचं काम गावंडे साहेबांनी केलेलं नाही. ज्यांनी केलं त्यांचं नाव शोभा तायडे.”

सभागृहात मूर्तिजापूरची चार माणसं होती. चौघांनी माना खाली घातल्या. गावंडे साहेबांचा चेहरा उतरला. आणि अध्यक्षांनी प्रसन्नपणे विचारलं, “अच्छा, त्या कुठल्या विभागात आहेत? पुढच्या वेळी त्यांनाही बोलवा.”

ज्यांच्या स्वागतासाठी ती बाई पंखे पुसायला चढली, त्या माणसानं हे विचारलं. मी उत्तर देणार तेवढ्यात आमच्या कंपनीच्या सरांनी येऊन माइक काढून घेतला आणि स्लाइड पुढे सरकवली.

परतीच्या वाटेवर गाडीत मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग ते वाक्य बोलले, जे मी अगदी सुरुवातीला लिहिलंय. पुढे म्हणाले, क्लायंटसमोर भुताखेताच्या गोष्टी केल्यानं कंपनीचं हसं होतं. ‘तुम्ही लोक’ म्हणजे नेमके कोण, हे मी त्यांना बडनेऱ्यापर्यंत विचारत होते. ते मोबाइल बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मला त्या प्रोजेक्टवरून काढलं. मी बसवलेलं नेटवर्क आता दुसरा माणूस चालवतो.

मी हे बाबांना सांगितलं. वाटलं होतं, ते रागावतील. त्यांनी कॉलची नोंद पाहिली, चष्मा पुसून परत पाहिली, आणि म्हणाले, कळत नसेल तर कळत नाही म्हणावं, पण खोटं बोलू नये. त्यानंतर मला लोकांनी कितीतरी खुलासे दिले. लाइन क्रॉस झाली असेल. दुसरी किल्ली असेल. राऊत काकांनीच कुणाला तरी पाठवलं असेल. सगळं तपासलं. दुसरी किल्ली अकोल्याच्या तिजोरीत असते आणि ती कुणी काढली नव्हती. राऊत काका त्या दिवशी नातवाच्या नामकरणाला दर्यापूरला होते. आणि मला सांगा, कुणी जिवंत माणूस एवढं काम करून गेला असेल, तर शालीवर हक्क सांगायला तो आला नसता?

तायडेबाईंची मुलगी करुणा मूर्तिजापुरातच राहते, शिवणकाम करते. राऊत काकांनी घर दाखवलं. खूप विचार करून मी गेले. मला वाटत होतं, तिला हे कळायला हवं... तुझी आई किती चांगली होती, अजूनही लोकांचा विचार करते, असं काहीतरी मी मनाशी जुळवून ठेवलं होतं. तिनं मला पाणी दिलं. मशीन बंद केलं. मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं – फोन, धाप, पदर खोचणं, चकत्या, म्हाताऱ्यांना उभं राहावं लागणार नाही म्हणून झालेलं समाधान. ती मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं, रडतेय. तिनं मान वर केली तेव्हा डोळे कोरडे होते.

“मेल्यावरबी कामच सांगतलं का तुमी तिले?”

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.

“कोनालेच माईत नसते,” ती म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. “तिनं जेवली का म्हून इचारलं असन तुमाले. ते सगळ्यायले इचारे. तुमी इचारलं तिले?”

मी नाही म्हटलं.

तिनं पुन्हा मशीनला पाय लावला. मी दाराशी चपला घालत असताना मागून म्हणाली, “आता पुन्हा बोलली तं काम नोका सांगू, ताई. पोरगी वाट पाहून राहिली म्हना.”

एवढंच आहे. तो फोन कुणी उचलला, शिडीवर कोण चढलं, मला माहीत नाही. बाबांना माहीत नाही. या विषयातलं कळणाऱ्या दोन-तीन जणांना मी विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. तुम्हाला काही सुचलं तर जरूर कळवा. फक्त मला भास झाला असं कृपा करून लिहू नका... मूर्तिजापूर शाखेचं वायफाय आजही चालू आहे.